झिणझिण्या देणारी गाठ

मनगटाजवळची छोटी गाठ फारशी दुखत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चरबीची समजली जाते. पण तिच्यावर टिचकी मारली की बोटांपर्यंत झिणझिण्या जातात. अशी गाठ श्वानोमा असू शकते.

मज्जातंतूच्या धाग्यांभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून ती वाढते आणि सहसा कर्करोगाची नसते. तपासताना ती आडवी सरकते, मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने मात्र जवळपास हलत नाही. एमआरआयमध्ये मज्जातंतू गाठीत शिरताना आणि बाहेर पडताना दिसला, की संशय बळावतो.

खरं कसब शस्त्रक्रियेत आहे. श्वानोमा धाग्यांमध्ये मिसळत नाही, त्यांना बाजूला ढकलतो. म्हणून सर्जन आधी सौम्य विद्युतप्रवाह देऊन कामाचे धागे कुठे आहेत ते शोधतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोकळ्या जागी उभी चीर देऊन, शेंगेतून मटार काढावा तशी गाठ अलगद सोडवतात. बहुतेकांची संवेदना आणि हाताची ताकद टिकते. न्यूरोफायब्रोमा ही मज्जातंतूची दुसरी गाठ काढणं अधिक अवघड, कारण त्यात धागे गाठीतूनच जातात.

गाठ कोणती, याचं नेमकं निदान शेवटी काढलेली गाठ तपासून पॅथॉलॉजिस्टच करतात.

पण अशी गाठ घाईने, चरबीची समजून कापली तर मज्जातंतूच तुटू शकतो. म्हणून गाठ दाबल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.