हृदयाचे पथ्य आणि जव्हारची नागली

हृदयविकार टाळण्यासाठी शहरातील डॉक्टर जे पथ्य सांगतात ते आता सुशिक्षितांना तोंडपाठ झाले आहे. पांढरा भात कमी करावा, कोंड्यासकट भरड धान्य खावे, पालेभाजी भरपूर असावी, तेल बेताचे, मीठ दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत, तंबाखू वर्ज्य आणि रोज चालणे. यातील मीठ व तंबाखू वगळली, तर हेच पथ्य पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे. दुसरे काही परवडत नव्हते म्हणून.

उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसावर रोप तयार करायचे आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नागलीची लावणी करायची, हा येथला जुना क्रम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम व ११ ग्रॅम तंतुमय भाग असतो. सडलेल्या तांदळात कॅल्शियम १० मिलिग्रॅमही नसते आणि तंतू ३ ग्रॅमच्या आत. नागलीच्या जोडीला वरई, उडीद, खुरासणीचे तेल आणि पावसाळ्यात शेवळी, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या. आहारशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे हे ताट.

मात्र ते अर्धेच भरलेले असे, हे विसरून त्याचे गोडवे गाणे योग्य नव्हे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्याचे नाव त्याच कारणाने पुन्हा वृत्तपत्रांत आले. कुपोषण हा गरिबांचा रोग व हृदयविकार हा सुखवस्तूंचा, अशी वाटणी आपण सोयीने करून ठेवली आहे. शास्त्राने ती केव्हाच मोडीत काढली आहे. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासून १९८९ साली दाखवून दिले की, जन्मताना व वर्षाचे असताना ज्यांचे वजन कमी होते, त्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेला अभ्यास तर आपल्या घरचाच. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो, परंतु या कृश बालकाच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. मधुमेह आणि हृदयविकार यांचा पाया असा मातेच्या उदरातच घातला जातो. अर्धपोटी मातेचे मूल पुढे पांढरा भात, पामतेल व साखर यांवर वाढले की धोका दुणावतो.

आणि नेमका हाच बदल सरकारी दराने घडत आला आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असे तीन दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. या धान्याने चुली पेटत्या ठेवल्या, हे कोणीही नाकारू नये. परंतु शिधावाटपातून येतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. जे फुकट मिळते त्याच्याशी उतारावर घाम गाळून पिकवलेली नागली स्पर्धा कशी करणार? महाराष्ट्रातील नागलीचे क्षेत्र गेली काही दशके घटत आले आहे, त्यात नवल ते काय! २०२५-२६ च्या हंगामासाठी नागलीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे साध्या भाताच्या २,३६९ रुपयांच्या दुपटीहून अधिक आहे. पण जाहीर भाव आणि शेतकऱ्याच्या दारात झालेली खरेदी यांत अंतर असते.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराला ‘रोज चाला’ असे सांगणे ही थट्टाच होय. तंबाखू आणि कोरड्या भाकरीबरोबरचे मीठ यांबाबत मात्र उपदेशाला वाव आहे. रक्तदाब वेळीच तपासला गेला तर पुष्कळ काही टळेल, कारण हृदयविकाराच्या तज्ज्ञ उपचारासाठी येथून नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठावी लागते, आणि झटका आलेल्या रोग्याला तो घाटरस्ता फार लांबचा पडतो.

कर्नाटक सरकार शेतकऱ्यांकडून आधारभूत किमतीने नागली घेते आणि राज्याच्या दक्षिण भागात तीच शिधावाटपात देते. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. येथे २०१५ पासून आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालू आहे. गर्भवती व स्तनदा मातांना तिच्यातून दिवसाचे एक पूर्ण जेवण मिळते. या जेवणात आठवड्यातून दोन दिवस त्याच तालुक्यात विकत घेतलेली नागली घातली, तर शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि जन्माला येणाऱ्या मुलाला थोडे अधिक वजन. नीट वाळवलेली नागली वर्षानुवर्षे टिकते, तिला कीड लागत नाही. तेव्हा साठवणुकीची सबबही पुढे करता येणार नाही.