पूल आणि झोका

गेल्या दिवाळीत आईला भाऊबीजेसाठी मामांकडे अहमदाबादला जायचे होते, तेव्हा आजीसह आम्ही सारीच मंडळी निघालो. भाऊबीज आटोपल्यावर मामांनी संध्याकाळचा बेत जाहीर केला, "चला, आज अटल ब्रिजवर फिरून येऊ!"

साबरमतीवर एलिस ब्रिज आणि सरदार ब्रिज यांच्या दरम्यान बांधलेला हा पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. २७ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे ३०० मीटर, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर पतंगांची आठवण करून देणारे रंगीत छत. उत्तरायणाला जे शहर गच्चीवर चढून पतंग उडविते, त्याला ही कल्पना शोभूनच दिसते.

तिकीटखिडकीपाशी बाबांची कुरकुर सुरू झाली, "पुलावरून चालायचेही पैसे?" आजी मात्र पुलाच्या तोंडाशीच थबकली.

"तुम्ही जाऊन या. मी बसते इथं. मोरबीचं विसरलात वाटतं?"

कोणीच बोलेना. मोरबीही गुजरातेतलेच, आणि तेही दिवाळीच्याच सुट्टीचे दिवस होते. दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झालेला मच्छू नदीवरील झुलता पूल चारच दिवसांनी, ३० तारखेला कोसळला आणि १३५ माणसे गेली.

मामा इंजिनिअर आहेत. ते आजीजवळ बाकावर बसले आणि त्यांनी जे सांगितले, ते मी येथे माझ्या शब्दांत देत आहे. फिजिक्स म्हटले की आपल्या वर्गातली निम्मी मंडळी खिडकीबाहेर पाहू लागतात; पण वाचकहो, हे फिजिक्स आजीलाही कळले आहे!

मामांच्या दिवाणखान्यात झोपाळा आहे. त्याच दुपारी माझा सहा वर्षांचा मामेभाऊ आजीला झोके देत होता. एवढ्याशा पोराला आजी उचलवली नसती; पण झोका मागे आला की नेमक्या वेळी हलकासा धक्का, पुन्हा आला की पुन्हा धक्का, आणि पाहता पाहता आजी "पुरे, पुरे!" म्हणू लागली. धक्का लहान असला तरी चालतो, वेळ साधली पाहिजे.

प्रत्येक पुलालाही असा स्वतःचा झोका असतो. लंडनमध्ये थेम्स नदीवरील मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी पादचाऱ्यांसाठी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण तो आडवा डोलू लागला होता. आपण चालताना भार केवळ खाली टाकत नाही. डाव्या पावलाला पुलाला किंचित डावीकडे, उजव्याला उजवीकडे ढकलतो. एरवी गर्दीत हे धक्के वेगवेगळ्या वेळी पडतात आणि एकमेकांना खोडून काढतात. पण पूल जरा हलला की तोल सावरण्यासाठी लोक नकळत त्याच्याच तालावर पावले टाकू लागतात, आणि मग प्रत्येक जण झोका देणारा होतो! पुढे प्रयोगांत आढळले, की ठरावीक संख्येपर्यंत पूल जवळजवळ स्थिर राहतो. ती ओलांडली की डोलणे एकाएकी वाढते. मोटारीच्या शॉक अब्सॉर्बरसारखी साधने बसवून तो पूल २००२ साली पुन्हा सुरू झाला.

मोरबीचे दुखणे निराळे होते. चौकशी पथकाला आढळले, की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या आणि अपघाताआधीच तुटलेल्या असाव्यात. आणि अशा पुलावर एका वेळी किती माणसे सोडायची, याला काही बंधनच नव्हते. तिकिटे मात्र विकली जात होती.

आजीने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मग इथं माणसं मोजतात का?"

मामांनी हातातली तिकिटे दाखविली. पुलाची क्षमता १२,००० माणसांची सांगितली जात असतानाही, मोरबीनंतर अहमदाबाद महापालिकेने येथे तासाला ३,००० हून अधिक लोक सोडायचे नाहीत असे ठरविले होते.

"मग चला," आजी उठली. बाबांची कुरकुरही तिथेच थांबली. माझा हात घट्ट धरून ती मध्यापर्यंत आली, कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "हलत नाही गं!" मग हात सोडून ती पलीकडच्या तीरापर्यंत एकटी चालत गेली.

परतताना मला आपल्याकडचा कुंडमळा आठवला. तळेगावजवळ इंद्रायणीवरचा तो जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत, कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याची पाटी तेथे होती. पाटी लावणे सोपे. पण ती वाचून मागे फिरणारा आणि दारात उभा राहून माणसे मोजणारा, हे दोघे नसतील तर पाटीचा काय उपयोग? पावसाळ्यात आपणही सहलीला निघतो, तेव्हा निदान पहिल्याचे काम तरी आपल्या हाती आहे.

आजीने ते तिकीट अजून आपल्या बटव्यात जपून ठेवले आहे.