मनाच्या आजाराची नोंद कोण वाचणार?

"डॉक्टर, औषध द्या, पण कागदावर काही लिहू नका. आणि त्या कॉम्प्युटरमध्ये तर मुळीच नको!" लग्नाच्या मुलीला घेऊन आलेले आईवडील हे हमखास सांगतात. मुलीची झोप उडालेली असते, जेवणावरची वासना गेलेली असते, पण घरच्यांना घोर असतो तो नोंदीचा. मी त्यांना हसत नाही. आपल्याकडे अमक्याची मुलगी मानसोपचार तज्ज्ञाकडे जाते, ही बातमी एस.टी. स्टँडवर पोचायला संध्याकाळ लागत नाही.

तरीही नोंद टाळणे हा उपाय नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून देशभर लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि ती गुप्तता पाळण्याचे बंधन उपचार करणाऱ्या सर्वांवर आहे. २४ वे कलम तर स्पष्टच सांगते की, हा हक्क संगणकात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. अपवाद मोजके आहेत. उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला माहिती देता येते. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तरी देता येते. भावी सासरची मंडळी, शेजारी किंवा कारखान्याचा मालक यांचा त्यात समावेश नाही. लग्न ठरवताना आजार सांगावा का, हा निराळा प्रश्न. माझ्या मते सांगावा. पण तो मुलीने सांगायचा, माझ्या कंपाउंडरने नव्हे!

'आभा' कार्डाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. हा चौदा आकडी क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. तो काढला म्हणजे तुमचे सगळे कागद सरकारी कपाटात गेले, असे होत नाही. नोंदी त्या त्या दवाखान्यातच राहतात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. कोणते कागद दाखवायचे आणि किती दिवस, हे तुम्ही ठरवू शकता. दिलेली संमती काढूनही घेता येते. म्हणून मोबाईलवर संमतीची विचारणा आली की वाचून मगच होकार द्यावा. आपण इथेच घाई करतो.

संगणकातली चोरी ही काल्पनिक भीती नाही. फिनलंडमधल्या 'वास्तामो' या मानसोपचार केंद्राच्या नोंदी २०१८ मध्ये चोरीला गेल्या. २०२० साली हजारो रुग्णांना थेट ई-मेल आले, 'पैसे द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरांना सांगितलेले सगळे उघड करू.' २०२४ मध्ये गुन्हेगाराला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण बाहेर पडलेली गोष्ट परत कशी घेणार?

आपल्या गावात मात्र एवढ्या हुशार चोराची गरजच पडत नाही. गोळ्या मागवायच्या म्हणून चिठ्ठीचा फोटो काढून भाऊ तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि मावशी-काकूंसह चाळीस जण तो बघतात. औषधाच्या दुकानात गर्दीसमोर गोळीचे नाव मोठ्याने विचारले जाते. दवाखान्याच्या संगणकाचा पासवर्ड पडद्यावरच कागदावर चिकटवलेला असतो. माझ्याकडे मनाच्या आजाराची फाईल आता फक्त मीच उघडतो आणि स्वागत-टेबलावरच्या पडद्यावर केवळ नाव व वेळ दिसते. तुमच्या डॉक्टरांनाही निःसंकोच विचारा, "माझी नोंद कोण कोण बघते?" चांगला डॉक्टर रागावत नाही. स्वतःची नोंद पाहण्याचा हक्कही २५ व्या कलमाने तुम्हाला दिलेला आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही डॉक्टरपासून लपवू नका, ती म्हणजे चालू असलेली औषधे. लिथियमच्या गोळ्या घेणारा माणूस गुडघेदुखीसाठी दुसरीकडे जातो आणि आजाराचे नाव निघू नये म्हणून गप्प बसतो. तिथे त्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिळते. या वेदनाशामकांमुळे रक्तातले लिथियम वाढते. हात थरथरतात, जुलाब होतात, चालताना तोल जातो. वेळेवर लक्षात आले नाही तर जिवावर बेतते. चारचौघांत बोलायची लाज वाटत असेल तर गोळ्यांची पाकिटे खिशात ठेवा, आत गेल्यावर मुकाट्याने टेबलावर ठेवा. डॉक्टरला तेवढे पुरते.