स्टुटगार्टचा दूरचित्रवाणी मनोरा : रचना आणि प्रेक्षक-सज्जा

दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत प्रवास करतात. सबब प्रक्षेपकास उंची अपरिहार्य ठरते. दक्षिण जर्मनीतील स्टुटगार्ट हे नगर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट प्रदेशात वसले असल्यामुळे तेथे ही अडचण विशेष तीव्र होती. तेथील नभोवाणी संस्थेने होहर बोप्सर या टेकडीवर सुमारे २०० मीटर उंचीचा पोलादी स्तंभ उभारण्याचे योजिले होते. अभियंते फ्रिट्झ लेओनहार्ट यांनी त्याऐवजी प्रबलित काँक्रीटचा पोकळ मनोरा सुचविला, आणि माथ्याजवळ उपाहारगृह व लोकांसाठी सज्जा असावा असे प्रतिपादिले.

सज्जा ही येथे शोभेची जोड नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. केवळ आकाशक धारण करावयाचा तर पोलादी स्तंभ पुरेसा आणि कितीतरी स्वस्त होता. माणसे वर न्यावयाची म्हटल्यावर उद्वाहन, जिना आणि वाऱ्यात फारसा न डुलणारा देह आवश्यक झाला. अशा मनोऱ्यावर निर्णायक भार वाऱ्याचा असतो. वारा ज्या बाजूवर आदळतो त्या बाजूस ताण निर्माण होतो, आणि काँक्रीट ताण सहन करण्यात दुर्बळ. परंतु मनोऱ्याचे स्वतःचेच वजन त्यास सतत दाबून धरीत असल्याने तो ताण बराचसा निष्प्रभ होतो. उरलेले काम पोलादी सळयांचे. बुंध्याशी १०.८ मीटर असलेला व्यास माथ्याकडील भागाखाली सुमारे ५ मीटरपर्यंत निमुळता होतो. पायाचा व्यास मात्र २७ मीटर आहे.

५ फेब्रुवारी १९५६ रोजी मनोरा खुला झाला. सुमारे १५० मीटर उंचीवरील सज्ज्यावर येणाऱ्यांच्या प्रवेशशुल्कातून अवघ्या पाच वर्षांत बांधकामाचा खर्च भरून निघाला. महाग ठरविलेल्या योजनेने टीकाकारांस दिलेले हे उत्तर हिशेबाच्या वहीतलेच होते! १९५९ मध्ये डॉर्टमुंड येथे याच जातीचा मनोरा उभा राहिला.

परंतु लोक वर गेले की त्यांस सुखरूप खाली आणण्याचे दायित्वही येते. तारा, उद्वाहने आणि सुटकेचा जिना ही सर्व एकाच अरुंद नळीत. आग लागल्यास तीच नळी धुराने भरणार. या कारणास्तव मार्च २०१३ मध्ये मनोरा जनतेस बंद करण्यात आला आणि सुधारणांनंतर जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा उघडला. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण तेथून २००६ मध्येच थांबले होते. आता त्यावरून केवळ नभोवाणीचे कार्यक्रम प्रसृत होतात.