बंडानं घडवलेला माणूस

लंडनच्या वेस्टमिन्स्टर थिएटरात १५ आणि १६ मार्च १९३६ रोजी 'तूसाँ लूव्हर्त्यूर' या नव्या नाटकाचे दोन प्रयोग झाले. ते रंगमंचावर आणलं स्टेज सोसायटीनं. धंदेवाईक नाटकमंडळी ज्याला हात लावायला धजत नसत, ते करून पाहणारी ही सभासदांची संस्था. नाटककार त्रिनिदादचा, पस्तिशीतला सी. एल. आर. जेम्स. नायकाच्या भूमिकेत पॉल रोबसन. ब्रिटिश रंगभूमीवर कृष्णवर्णीय लेखकाचं नाटक आणि त्यातल्या प्रमुख भूमिकांत कृष्णवर्णीय व्यावसायिक नट, असा योग तोवर आला नव्हता. दोन प्रयोगांनंतर नाटक बंद झालं. व्यावसायिक रंगभूमीपर्यंत ते पोचलंच नाही, आणि पुढे त्याची संहिताही हरवली असं अभ्यासक कित्येक दशकं मानत राहिले.

जेम्स आपल्याकडे ठाऊक आहेत ते क्रिकेटमुळे. १९६३ साली आलेलं त्यांचं 'बियाँड अ बाउंडरी' अनेक क्रिकेटवेड्यांच्या कपाटात असतं. ते इंग्लंडला आले १९३२मध्ये, मित्र लिअरी कॉन्स्टंटाइनच्या आधारानं. लँकेशरमधल्या नेल्सन या गिरणगावात कॉन्स्टंटाइन तेव्हा लीग क्रिकेट गाजवत होते. जेम्स त्यांच्याच घरी उतरले, 'मँचेस्टर गार्डियन'साठी सामन्यांची वार्तापत्रं लिहू लागले, आणि उरलेल्या वेळात हैतीच्या क्रांतीचा पिच्छा पुरवू लागले. नाटक लिहून झालं १९३४मध्ये. 'द ब्लॅक जॅकोबिन्स' हा त्यांचा विख्यात इतिहासग्रंथ त्यानंतर चार वर्षांनी, १९३८मध्ये आला. म्हणजे ही क्रांती त्यांना आधी दिसली ती नाटकाच्या रूपात.

आणि ती होतीही तशीच. हैतीला तेव्हा साँ-दोमँग म्हणत. फ्रान्सची ही सर्वांत श्रीमंत वसाहत. १७८९च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेतली जवळपास ४० टक्के साखर इथून जाई. ऊस तोडायला आणि घाणे फिरवायला सुमारे ५ लाख गुलाम, गोरे जेमतेम ३०-४० हजार. मळ्यावर माणसं इतक्या झपाट्यानं मरत की मालक त्यांना जगवण्यापेक्षा आफ्रिकेतून नवी जहाजं भरून आणणं पसंत करत. ऑगस्ट १७९१मध्ये उत्तरेच्या मैदानात बंड पेटलं. त्याचा पहिला म्होरक्या बूकमान त्याच वर्षी नोव्हेंबरात मारला गेला. ब्रेदा मळ्यावरचा गाडीवान तूसाँ या बंडात थोडा उशिरानं उतरला. झाडपाल्याची औषधं जाणणारा, लिहितावाचता येणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस. तो आधी स्पेनच्या बाजूनं लढला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या क्रांतिकारी संसदेनं गुलामी रद्द केली, त्याच वर्षी तो फ्रान्सच्या बाजूला आला. चार वर्षांत त्यानं इंग्रजांना बेटावरून माघार घ्यायला लावली. १८०१मध्ये त्यानं बेटाची राज्यघटना जाहीर केली आणि स्वतःला तहहयात गव्हर्नर केलं. नेपोलियननं आपला मेहुणा लक्लेर याच्याबरोबर मोठं आरमार पाठवलं. जून १८०२मध्ये तूसाँला दग्यानं पकडण्यात आलं आणि ज्युरा पर्वतातल्या फोर्त द जू या थंडगार किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी तो मेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा सेनानी देसालीन यानं फ्रेंचांचा शेवटचा पराभव केला, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

रोबसनसाठी ही गोष्ट घरची होती. त्याचे वडील उत्तर कॅरोलायनातल्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले, १८६०मध्ये पंधराव्या वर्षी तिथून निसटले आणि पुढे धर्मोपदेशक झाले. लंडननं रोबसनला १९३०मध्ये ऑथेल्लो म्हणून डोक्यावर घेतलं होतं. पण १९३५चा 'सँडर्स ऑफ द रिव्हर' हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा आपण साम्राज्याच्या आरतीत उभे आहोत, हे त्याला उमगलं. ती खंत त्यानं पुढे बोलूनही दाखवली. १९३४च्या अखेरीस तो सोव्हिएत चित्रपट-दिग्दर्शक आयझेन्स्टाइनच्या निमंत्रणावरून मॉस्कोला गेला होता. तिथेही बोलणं हैतीच्या क्रांतीवरच्या चित्रपटाचं होतं. तो चित्रपट झालाच नाही. जेम्सचं नाटक झालं. आफ्रिकी वंशाच्या लेखकानं लिहिलेल्या नाटकात रोबसननं काम केलं ते एवढं एकदाच. त्याच्या नावाला मुंबईतही मान होता. अमेरिकी सरकारनं त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता त्या काळात, १९५८मध्ये, त्याच्या साठीनिमित्त भारतात जी समिती उभी राहिली, तिचं अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे होतं.

प्रयोगाच्या पाच महिने आधी, ऑक्टोबर १९३५मध्ये, मुसोलिनीनं इथिओपियावर स्वारी केली होती. जेम्स इथिओपियाच्या बाजूनं लंडनमध्ये सभा घेत होते. युरोपातली एक सत्ता आफ्रिकेतलं स्वतंत्र राज्य गिळत असताना हे नाटक नेपोलियनच्या पराभवाची आठवण करून देत होतं. समीक्षकांनी रोबसनची स्तुती केली, नाटकात भाषणं फार आहेत अशी तक्रार केली. तक्रारीत तथ्य आहे. पण नाटकाची खरी अडचण मला वेगळी वाटते.

पहिल्याच अंकात, गुलामांचा जमाव रंगमंचावर येतो तिथे, जेम्स रंगसूचनेत एक ठाम गोष्ट सांगतात: नाटकातली सर्वांत महत्त्वाची पात्रं हीच, तूसाँनं बंड घडवलेलं नाही, बंडानं तूसाँला घडवलं. पण रंगसूचना प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्याला दिसतो रोबसन. धिप्पाड देह आणि सारं नाट्यगृह भरून टाकणारा आवाज. ज्यांना नाटककार मुख्य पात्रं म्हणतो ते गुलाम फारच थोडं बोलतात. लेखकाला पटलेलं सत्य आणि रंगमंचाची ताकद इथे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ओढतात. पॅरिसमध्ये १८५०मध्ये लामार्तीनचं 'तूसाँ लूव्हर्त्यूर' आलं होतं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता: तोंडाला काळं फासलेला थोर नट फ्रेदरिक लमेत्र एकट्यानं नाटक तोलत होता. १८४८मध्ये गुलामी रद्द करणाऱ्या सरकारात लामार्तीन स्वतः होता. तरी त्याच्या नाटकातलं स्वातंत्र्य एका उदात्त पुरुषाच्या छातीत मावणारं आहे. जेम्सना तसं नको होतं, आणि १९३६मध्ये त्यांना ते पुरतं साधलं नाही.

जमावाच्या आवाजाची ताकद त्यांनी ग्रंथात फार सुंदर पकडली आहे. मार्च १८०२मध्ये फ्रेंच फौज क्रेत-आ-पिएरोच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. आतून काळे सैनिक फ्रेंच क्रांतीचीच गाणी गात होते. वेढा घालणाऱ्या फौजेतला सेनानी लाक्रवा आपल्या आठवणींत लिहितो की ते ऐकून फ्रेंच शिपाई चुळबुळू लागले. न्याय आपल्या शत्रूच्या बाजूला तर नाही, असं ते एकमेकांत विचारू लागले.

नाटकाकडे जेम्स पुन्हा वळले ते साठीत. नव्यानं लिहिलेलं 'द ब्लॅक जॅकोबिन्स' डिसेंबर १९६७मध्ये नायजेरियातल्या इबादान विद्यापीठात झालं, दिग्दर्शक त्रिनिदादचेच डेक्स्टर लिंडरसे. देशात बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलेलं. विद्यापीठाची नाट्यशाखा ज्यांच्या हाती यायची, ते नाटककार वोले सोयिंका तुरुंगात. वसाहती एकामागून एक स्वतंत्र झाल्या होत्या आणि नव्या राज्यकर्त्यांचे पायही दिसू लागले होते. या संहितेत तूसाँचा मानलेला पुतण्या मोईझ पुढे येतो. तूसाँनं ऑक्टोबर १८००मध्ये फर्मान काढून मोकळ्या झालेल्या मजुरांना त्याच मळ्यांवर लष्करी शिस्तीत बांधलं होतं. मोईझला मोठे मळे फोडून शिपायांना जमिनी द्यायच्या होत्या. उत्तरेत मजूर उठले ते त्याचंच नाव घेत, आणि नोव्हेंबर १८०१मध्ये तूसाँनं त्याला गोळ्या घातल्या. लक्लेरचं आरमार दिसलं तेव्हा मजूर तूसाँमागे पूर्वीसारखे धावले नाहीत. का धावावं, हे त्यानं त्यांना सांगितलंच नव्हतं. जेम्सच्या मते हीच त्याची शोकांतिका, आणि मोईझ रंगमंचावर आल्याशिवाय ती दिसत नाही. १९८६मध्ये इव्होन ब्रूस्टर यांनी तलावा या नव्या नाट्यसंस्थेचा आरंभ याच नाटकानं केला. लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओजमध्ये नॉर्मन बीटन तूसाँ झाला. जेम्स तेव्हा ब्रिक्स्टनमध्ये राहत होते. १९८९मध्ये ते गेले.

१९३६ची संहिता सापडली २००५मध्ये. क्रिस्टियन हॉग्सबर्ग या अभ्यासकाला हल विद्यापीठात, जॉक हॅस्टन या जुन्या ट्रॉट्स्कीवादी कार्यकर्त्याच्या कागदपत्रांत तिची टंकलिखित प्रत मिळाली. २०१३मध्ये ती छापून आली. आता दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचता येतात.

मात्र मध्यंतरी तूसाँच बदलला आहे. १९७७मध्ये इतिहासकारांनी प्रसिद्ध केलेल्या कागदांवरून कळलं की तो १७७६पर्यंत गुलामीतून मुक्त झाला होता, आणि १७७९मध्ये त्यानं कॉफीचा एक छोटा मळा खंडानं घेतला होता. त्यावर १३ गुलाम होते. जेम्सच्या १९३४च्या नाटकातला तूसाँ बंडाच्या दिवसापर्यंत गुलाम आहे, कारण तेव्हा सगळेच तसं समजत. या कागदांनी त्याचं मोठेपण कमी होतं असं मला वाटत नाही. उत्तरेतल्या कॅप-फ्रान्से शहराजवळच्या उसात पहिली आग लावणाऱ्यांपैकी तो नव्हता, एवढं मात्र पक्कं होतं, आणि मळ्यावर परत चला म्हणणाऱ्या फर्मानामागे मळा चालवलेला माणूस दिसू लागतो. यापुढे हे नाटक कोणी उभं केलं तर त्यानं १९६७ची संहिता घ्यावी, मोईझला बंडाच्या पहिल्या रात्रीपासून जमावात उभं करावं, आणि रोबसनच्या तोडीचा नट मिळाला तर त्याला मोईझची भूमिका द्यावी.