उस्ताद ओरडतो तेव्हा

भरतीच्या यादीत नाव लागलं की गावात गुलाल उडतो, पेढे वाटले जातात आणि काळी पेटी घेऊन पोरगा बेळगावची गाडी पकडतो. सोळाशे मीटर त्यानं मारलेले असतात, बीम काढलेले असतात, लेखी आणि मेडिकलही पार पडलेलं असतं. तरी जायच्या आदल्या रात्री त्याला बंदुकीबद्दल काही विचारायचं नसतं. ‘उस्ताद मारतात का? झोपू देतात का? रडू आलं तर?’ उत्तर द्यायला पारावर माणसं तयारच असतात. कुणाला चुलत्यानं ट्रेनिंगमध्ये शिक्षा म्हणून खाल्लेला रगडा आठवतो, कुणी मोबाइलवर इंग्रजी सिनेमाचा तुकडा दाखवतो. मुलगा ती भीती पेटीत भरूनच ट्रेनिंग सेंटरच्या फाटकातून आत जातो. तिथले पहिले महिने कठीण असतातच. चुकीच्या माहितीनं ते आणखी कठीण होऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात आहे, तोफखान्याचं नाशिकला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीत, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. ठिकाण कुठलंही असो, पहाटेपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत रंगरुटाची, म्हणजे नव्या जवानाची, गाठ ज्याच्याशी पडते तो माणूस म्हणजे उस्ताद.

गैरसमज: उस्ताद म्हणजे कुणी बडा साहेब

बहुतेक वेळा तो हवालदार किंवा नायक असतो. त्याला सॅल्यूट नसतो, ‘जी उस्ताद’ पुरतं. तोही कधीकाळी अशीच पेटी घेऊन आलेला असतो. ड्रिलचा उस्ताद वेगळा, पी.टी.चा वेगळा, हत्यार शिकवणारा वेगळा. पी.टी.च्या उस्तादांना घडवणारी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग ही संस्था तर आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे जो ओरडतो आहे तो स्वतः ते काम शिकून आलेला आहे, आणि त्याच्या वर सुभेदार आहे, त्याच्याही वर कंपनी कमांडर आहे.

गैरसमज: सिनेमात दिसतो तसाच तो असतो

ज्या सिनेमाचे तुकडे फिरतात तो बहुधा 1987 चा ‘फुल मेटल जॅकेट’ असतो. त्यातला सार्जंट रंगवणारा आर. ली अर्मी स्वतः अमेरिकन मरीन कोअरमध्ये ड्रिल इन्स्ट्रक्टर होता, म्हणून ते काम इतकं खरं वाटतं. पण गोष्ट आहे व्हिएतनाम युद्धाच्या काळातली, आणि तो सार्जंट रंगरुटाला इतकं तोडतो की शेवटी दोघांचेही जीव जातात. हे शिकवण्याचं उदाहरण म्हणून दाखवलं जातं याचं मला वाईट वाटतं.

खुद्द अमेरिकेला हा धडा फार आधी मिळाला होता. एप्रिल 1956 मध्ये मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड तळावर एका इन्स्ट्रक्टरनं शिस्त लावण्यासाठी आपली प्लाटून रात्री रिबन क्रीक या खाडीत उतरवली. सहा रंगरूट बुडाले. त्या इन्स्ट्रक्टरचं कोर्ट मार्शल झालं आणि रंगरुटांच्या प्रशिक्षणावरची देखरेख कडक झाली. अमेरिकन लष्करात रंगरूट बसमधून उतरताच ड्रिल सार्जंटांनी चहूबाजूंनी त्याच्यावर तुटून पडण्याची प्रथा होती. तिथल्या पायदळाच्या प्रशिक्षणातून ती 2020 मध्ये काढून टाकण्यात आली. नुसत्या दहशतीनं सैनिक घडत नाही, हे त्यांनी मोठी किंमत मोजून ओळखलं.

गैरसमज: तो माझ्यावरच खार खाऊन आहे

पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ प्रत्येकाला असं वाटतं. ‘उस्ताद मलाच धरतो.’ शेजारच्या खाटेवरचाही तेच म्हणत असतो.

‘जैसे थे’ हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कोर्टाच्या बातम्यांतून ओळखीचे. परेड ग्राउंडवर त्यांचा अर्थ इतकाच: हालचाल चुकली, होता तिथे परत या, पुन्हा करा. हा हुकूम दिवसातून कितीही वेळा येतो. तो तुमच्या जातीबद्दल, गावाबद्दल, हिंदीबद्दल काही सांगत नाही. तुमचा हात खांद्याच्या रेषेत आला नाही, एवढंच सांगतो. पण घरी ज्याला कुणी आवाज चढवून बोललेलं नाही, त्याच्या कानाला सगळे शब्द सारखेच लागतात.

इथे एक युक्ती कामाला येते आणि ती शिकता येते. आवाज जाऊ द्यायचा, शब्द वेचायचा. लांबलचक झापण्यात कामाचा शब्द एखादाच असतो: मूठ, नजर, टाच, अंतर. तेवढा उचलायचा, ‘जी उस्ताद’ म्हणायचं आणि पुढच्या वेळी तेवढंच सुधारायचं. चूक का झाली हे समजावून सांगायला जाऊ नये. ग्राउंडवर खुलाशाला जागा नसते, आणि लाजून आलेलं हसूही तिथे उद्धटपणा ठरतं. आपल्याकडच्या पोरांना हे हसू फार येतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

हुकूम तिथल्या तिथे पाळण्याचा एवढा आग्रह कशासाठी? याचं उत्तर फायरिंग रेंजवर मिळतं. ओळीत पडलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात भरलेली रायफल, आणि कुणीतरी चुकून उठून पुढे सरकतो. त्या क्षणी एका आवाजावर सगळ्यांची बोटं ट्रिगरवरून सुटली पाहिजेत. विचार करायला वेळ नसतो. हुकूम आणि हालचाल यांच्यामधली ती फट बुजवण्यासाठी आधी महिनोन्‌महिने ‘तेज चल’, ‘थम’ चालू असतं.

गैरसमज: एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना रगडा, हा निव्वळ अन्याय

अन्याय वाटतोच, आणि वाटणं चूक नाही. पण उस्ताद त्या वेळी बघत असतो की रात्री बॅरकमध्ये काय घडतं. समजा, एकाच्या गणवेशाची पट्टी वाकडी होती. त्याला बाकीचे शिव्या देतात, की कुणी त्याच्या खाटेपाशी बसून पट्टी कशी लावायची ते दाखवतं? सैन्यात ‘बडी’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. दोघांची जोडी, एकमेकांवर लक्ष. ती जोडी अशाच रात्री जमते. चुकणाऱ्याला एकटं पाडणारी प्लाटून पुढचा रगडाही हमखास खाते.

गैरसमज: दुखणं सांगितलं की माणूस कमजोर ठरतो

सगळ्यांत धोक्याचा गैरसमज हाच. आणि तो उस्तादापेक्षा मुलांच्याच मनात जास्त असतो, कारण सिक रिपोर्ट केला तर दिवस बुडतील आणि आपण मागच्या बॅचमध्ये ढकलले जाऊ, ही धास्ती.

घामाघूम होणं, मांड्या भरून येणं, टाचेला फोड येणं हे सोसायचंच आहे. पण काही खुणा वेगळ्या असतात. नडगीच्या हाडावर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी कळ येत असेल आणि ती धावताना वाढत असेल, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. वेळेत विश्रांती मिळाली तर ती भरून येते. दाबून धावत राहिलं तर हाड मोडतं, आणि मग आठवड्यांच्या जागी महिने जातात. धावताना जांघेत खोलवर दुखत असेल तर एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला पडलेली चीर फार वाईट असते. जबर मेहनतीनंतर लघवी काळपट चहासारखी झाली, तर स्नायूंची झीज मूत्रपिंडावर येते आहे असं समजून त्याच दिवशी एम.आय. रूम, म्हणजे सेंटरचा दवाखाना, गाठावी.

उन्हाचंही तसंच. बडी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो नाटक करत नाही. तो उष्माघात असू शकतो. हाक मारून उस्तादाला बोलवायचं आणि मिळेल त्या पाण्यानं त्याचं अंग तिथेच गार करायला घ्यायचं, कारण त्या वेळी मिनिटं मोजकी असतात. पाणीही बेतानं प्यावं. भीतीपोटी तासाभरात कित्येक लिटर नुसतं पाणी रिचवलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही जिवावर बेततं.

परेडमध्ये उभ्या उभ्या कोसळणारा मुलगा बहुतेक वेळा अशक्त नसतो. गुडघे ताठ धरून निश्चल उभं राहिलं की रक्त पायात साठतं आणि मेंदूला कमी पडतं. बुटाच्या आत बोटं दाबत राहावीत, पोटऱ्या हलक्या आवळाव्यात. बाहेरून काही दिसत नाही.

गैरसमज: उस्तादानं काहीही केलं तरी ऐकून घ्यायचं, दाद मागायची सोय नाही

आर्मी ॲक्ट 1950 चा आहे. त्याच्या 47 व्या कलमानुसार हाताखालच्या माणसावर बळाचा गुन्हेगारी वापर करणं किंवा त्याला वाईट वागवणं हा गुन्हा आहे. हवालदार असो वा अधिकारी, कोर्ट मार्शलमध्ये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 26 वं कलम जवानाला आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार नेण्याचा हक्क देतं. हा हक्क रंगरुटालाही आहे, कारण नाव नोंदवल्या दिवसापासून तो याच कायद्याखाली येतो.

त्याच कायद्याचं 40 वं कलमही माहीत असावं. वरिष्ठावर हात उगारला तर दहा वर्षांपर्यंत, आणि वरिष्ठ त्या वेळी आपल्या कामावर असेल तर चौदा वर्षांपर्यंत कैद. रागाच्या भरात एक हात उचलला गेला तर तुमची खरी तक्रारही त्याखाली गाडली जाते.

मग कडक काय आणि चूक काय? फ्रंट रोल, पिट्ठू घेऊन जादा दौड, पुन्हा पुन्हा तीच कवायत, हे कडक. थोबाडीत मारणं, पैसे मागणं, आईबहिणीवरून किंवा जातीवरून बोलणं, आजारी मुलाला एम.आय. रूममध्ये जाऊ न देणं, हे चूक. जुने जवान आपण खाल्लेला मार कौतुकानं सांगतात. त्यांच्या सोसण्याचा मान राखूनही मला वाटतं, की तो मार पुढच्या पिढीला वारसा म्हणून देऊ नये. असं काही घडलंच तर तारीख, वेळ, तिथे कोण होतं हे लक्षात ठेवावं, आधी प्लाटूनच्या सुभेदार साहेबांकडे आणि मग कंपनी कमांडरसमोर शांतपणे सांगावं.

आणि घरच्यांचा एक गैरसमज

फोनवर मुलगा ‘मजेत आहे’ म्हणाला म्हणजे तो मजेत आहे, असं आईवडिलांना वाटतं. तो तेच म्हणणार, मागे रांगेत दुसरी पोरं उभी असतात. ‘कसा आहेस’ विचारून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा विचारा: पाय दुखतात का, आणि नेमके कुठे? बडीचं नाव काय? काल लंगरमध्ये काय होतं? उस्ताद आज कशावरून ओरडला? शेवटच्या प्रश्नाला त्यानं ‘मूठ उघडी होती’ असं सरळ उत्तर दिलं, तर त्या रात्री निवांत झोपायला हरकत नाही.