डाएट कुणाचं, आणि करतंय कोण?

दोनच वेळा जेवायचा जो आहार महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, त्याचं मूळ नागपुरातलं. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा हा विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेला: कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवण. तो वजन आणि मधुमेहाने बेजार झालेल्या प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही, असं दीक्षितही सांगतात. पण मोबाइल वय विचारत नाही. रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ निदान रक्ताचे रिपोर्ट बघतात, पाळीबद्दल विचारतात; रीलमध्ये फक्त 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. खाण्याचे विकार डाएटने होतात का, या प्रश्नाचं उत्तर मला या फरकात दिसतं.

ऑस्ट्रेलियात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींवर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: कडक डाएट करणाऱ्या मुलींना असा विकार जडण्याचा धोका डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट. यावर कुणी म्हणेल, मुळात अस्वस्थ असलेल्या मुलीच डाएटकडे वळत असतील, आणि हे आजार आनुवंशिकही आहेतच. खरं आहे. पण फिजीतल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी अभ्यासकांना आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं. पाहणी छोटी होती, मुलीही वेगळ्या होत्या. तरी तीन वर्षांत आनुवंशिकता बदलत नाही. आणि तिथेही, आपल्याकडच्या आज्यांसारखंच, भरलं अंग कौतुकाचं होतं!

'मग आपले उपास?' संकष्टी चतुर्थीचा उपास चंद्रोदयाला सुटतो, आणि तोही मोदकाने. त्याला वजनकाट्याशी घेणंदेणं नसतं. लठ्ठ मुलांना वजन उतरवावंच लागतं, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. तिथेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवणाऱ्या मुलांत हे विकार वाढत नाहीत, उलट लक्षणं कमी होतात, असं अभ्यास सांगतात. म्हणजे पथ्यावर बंदी नको, पण वाढत्या वयात ते परस्पर सुरू होऊ नये.

डब्यातली पोळी रोज तशीच परत येत असेल, ताटावरून उठल्याबरोबर बाथरूमचा नळ सुरू होत असेल, पाळी चुकत असेल, तर 'बारीक झालीस हं' असं कौतुक करू नका. डॉक्टरांना दाखवा. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.